वानरांच्या टोळीतले खून आणि माणसाची आजी

काळतोंड्या वानरांवरून माणसाबद्दल काही कळतं का, हा वाद भारतातल्याच टोळ्यांवरून पेटला. 1960 च्या आगेमागे फिलिस जे या अमेरिकी अभ्यासक उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशातल्या टोळ्या पाहून गेल्या. त्यांना वानरं गुण्यागोविंदानं राहणारी दिसली. प्राणी टोळीच्या भल्यासाठी वागतात असं मानण्याचा तो काळ, त्यामुळे हे चित्र चटकन पटलं.

मग धारवाड. तिथे जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा वानरांवर नजर ठेवून होते. 1962 मध्ये बाहेरच्या नरांनी एका टोळीवर चाल केली, जुन्या हुप्प्याला हुसकलं. शेवटी त्यांच्यातल्या एकानं टोळी बळकावली आणि अंगावर पिणारी पिल्लं चावून मारली. जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनीही असंच नोंदवलं. गर्दीनं वानरं बिथरतात, असा तर्क निघाला.

तो घेऊन हार्वर्डच्या विद्यार्थिनी सारा ब्लॅफर हर्डी 1971 मध्ये माउंट अबूला आल्या आणि तर्क टिकेना. मारणारा बाहेरून आलेला असे. पाजणारी मादी माजावर येत नाही. पिल्लू गेलं की लवकर येते. हुप्प्याची सद्दी सरासरी सव्वादोन वर्षांची, थांबायला सवड कुठली? हे विकृत वागणं आहे म्हणून उडवून लावणारे बरेच होते, फिलिस जे यासुद्धा त्यांत होत्या. 1999 मध्ये नेपाळच्या रामनगरमधल्या वानरांच्या डीएनए तपासणीत मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हतेच, असं दिसलं.

इथून थेट पुरुषाच्या हिंसेवर उडी मारणारे पुष्कळ. मला ती उडी फार लांबची वाटते. हर्डींची नजर माद्यांकडे वळली, ते जास्त मोलाचं. गाभण मादीही नव्या हुप्प्याशी जुगते. बाप कोण, याचा घोळ तिच्या पथ्यावरच पडतो. काळपट तान्हं पिल्लू पहिल्या दिवसापासून इतर माद्यांच्या हातांत फिरतं. नवख्या पोरी ते वेडंवाकडं धरतात, ते किंचाळतं, आई तेवढ्यात पाला ओरबाडून घेते. चिंपांझीची आई मात्र कित्येक महिने पिल्लू कुणाच्या हाती देत नाही, आणि तिच्या दोन वेतांत पाच-सहा वर्षं जातात.

शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांत हेच अंतर तीन-चार वर्षांचं, आणि मूल तर कितीतरी जास्त परावलंबी. मग थोरल्याला भरवायचं कुणी? टांझानियातल्या हाद्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची वजनं घेतली. एरवी ती आईच्या कष्टांप्रमाणे वाढत. घरात नवं तान्हं आलं, की थोरल्याचं वजन आजी किती कंद खणते यावर ठरे.