कॉटेज होममधली सगळी मुलं अनाथ नव्हती

‘इंग्लंडमधल्या कॉटेज होम्समध्ये, म्हणजे गरीब मुलांना लहान लहान घरांत गटाने सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये, फक्त अनाथ मुलं राहत,’ हा समज जुना आहे. प्रत्यक्षात अनेकांचे आईवडील हयात होते. कुणी आजारी, कुणी तुरुंगात, कुणी वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या सरकारी गृहात. मुलांना वर्कहाउसच्या वातावरणापासून दूर ठेवावं म्हणूनच १८७० च्या दशकापासून ही घरं वाढली. एकेका घरात साधारण १२ ते ३० मुलं आणि सांभाळायला गृहमाता.

गफलत जनगणनेमुळे होते. १८८१ च्या यादीत मुलाचं नाव, वय, जन्मगाव सापडतं. आईवडिलांचा मात्र उल्लेख नसतो. अशा मुलाचा शोध घेत असाल, तर तिथे थांबू नका. स्थानिक अभिलेखागारात त्या घराची दाखल-खारीज नोंदवही (मूल कधी आलं, कधी गेलं याची वही) मागा. आश्रय का घेतला, मूल कुणाबरोबर बाहेर पडलं, ते बघा. ‘आईने नेलं’ अशी नोंद दिसली की प्रश्न मिटतो. वही नष्ट झाली असेल, तर त्याच जनगणनेत जवळच्या वर्कहाउसच्या यादीत आई सापडते का, तेही तपासा.