शेक्सपिअर लेडीज क्लब

शेक्सपिअरची अडगळीत पडलेली नाटके पुन्हा लागावीत म्हणून १७३६ च्या अखेरीस लंडनमध्ये जमलेला स्त्रियांचा गट. शाफ्ट्सबरीची काउंटेस सुझॅना अ‍ॅशली-कूपर ही त्याची पुढारी. मेरी काउपरने क्लबवर कविता लिहिली, एलिझाबेथ बॉइडनेही लेखणीने साथ दिली. बाकीच्या बहुतेकींची नावे हाती लागत नाहीत.

त्या काळी लंडनची गर्दी इटालियन ऑपेरा आणि मूकनाट्यांकडे वळली होती. शेक्सपिअर होई, पण ठरावीकच, आणि पुष्कळदा दुसऱ्या कुणी फिरवलेल्या संहितेत. या बायकांनी नाट्यगृहाच्या चालकांना गाठले, हवी ती नाटके सांगितली आणि पैसेही भरले. १७३८ मध्ये कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ‘रिचर्ड दुसरा’सारखे विस्मरणात गेलेले नाटक लागले ते यातूनच. जाहिरातींत ‘प्रतिष्ठित स्त्रियांच्या खास इच्छेवरून’ अशी ओळ छापली जाई. सांगलीकरांना ‘खास लोकाग्रहास्तव’ नवे नाही. फक्त आपल्याकडचा आग्रह बऱ्याचदा व्यवस्थापकाचाच असतो, तिथे तो धरणाऱ्या बायका खरोखर होत्या. १७३७ च्या कायद्याने नव्या नाटकांवर सरकारी परवान्याचा फास आवळला, त्यामुळेही जुन्या नाटकांना भाव आला. सगळे श्रेय क्लबचे नव्हे.

सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवर’मागे चिंतामणराव पटवर्धनांचा राजाश्रय होता. लंडनमध्ये ते काम प्रेक्षागृहातल्या बायकांनी केले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ (१८९०) रचले, त्याचा धागा मात्र क्लबला जोडता येत नाही. ‘ऑथेल्लो’ त्या काळी लंडनच्या रंगमंचावरून उतरलेच नव्हते.

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शेक्सपिअरचा पुतळा उभारण्याच्या खटपटीतही क्लब होता. निधीसाठी १७३८ मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात ‘ज्युलियस सीझर’चा प्रयोग झाला आणि १७४१ मध्ये पीटर शीमेकर्सने घडवलेला पुतळा बसला. कोपर पुस्तकांच्या चळतीवर टेकवून शेक्सपिअर उभा आहे. वरच्या लॅटिन लेखाचा शेवट ‘अमोर पुब्लिकुस पोसुइट’ असा, म्हणजे ‘लोकांच्या प्रेमाने उभारला’. बायका त्या ‘लोकां’त विरघळल्या. १७६९ मध्ये शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला, त्याच्या नावाने झालेल्या उत्सवात नट डेव्हिड गॅरिकने शेक्सपिअरला रंगमंचावर परत आणल्याबद्दल स्त्रियांचे जाहीर ऋण मानले. सुझॅना त्याआधी ११ वर्षे वारली होती.