नवरा आर्मीत आहे आणि तुम्हाला टीचर व्हायचंय? आर्मी पब्लिक स्कूलची परीक्षा, पात्रता आणि कागदपत्रं

फौजीच्या घरात दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग ठरलेलं, आणि दर पोस्टिंगला बायकोची नोकरी सुटते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली बी.एड. होऊन क्वार्टरमध्ये बसून आहेत, हुशारी कमी म्हणून नाही तर जागा निघते तेव्हा कागदपत्रं पूर्ण नसतात म्हणून. त्यामुळे माझं सांगणं एकच, जागेची वाट बघू नका, आधी कागदपत्रं तयार ठेवा.

आर्मी पब्लिक स्कूल हा आपल्यासाठी त्यातल्या त्यात चांगला मार्ग आहे कारण या शाळा देशभर बहुतेक मोठ्या कॅन्टोन्मेंटला आहेत, आपल्याकडेच पुणे, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, मुंबई. शाळा चालवते आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी, 1983 ला सुरू झालेली, सगळे तिला 'अवेस' म्हणतात. टीचर व्हायला अवेसची ऑनलाइन स्क्रीनिंग टेस्ट द्यावी लागते, पास झालात की स्कोअर कार्ड मिळतं आणि ते कुठल्याही आर्मी पब्लिक स्कूलला चालतं, म्हणजे पुण्यात काढलेलं कार्ड उद्या जम्मूला गेलात तरी कामाचं. परीक्षा सगळ्यांना खुली आहे, सिव्हिलियन पण देतात, त्यामुळे अभ्यास करूनच बसायचं.

पात्रता अशी. अकरावी-बारावीला शिकवायचं म्हणजे पीजीटी, त्याला त्या विषयातलं एम.ए./एम.एस्सी. आणि बी.एड., सहावी ते दहावीसाठी टीजीटी, त्याला ग्रॅज्युएशन आणि बी.एड., दोन्हीकडे 50 टक्के हवेत. प्रायमरीचं म्हणजे पीआरटीचं नीट बघा, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2023 मध्ये प्रायमरीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येत नाही असा निकाल दिला, तेव्हा लहान मुलांना शिकवायची आवड असेल तर डी.एल.एड. म्हणजे प्रायमरी टीचरचा डिप्लोमा करणंच शहाणपणाचं. नवीन उमेदवाराचं वय 40 च्या आत हवं, शिकवण्याचा पुरेसा अनुभव असेल तर मर्यादा पुढे जाते.

सीटीईटी म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा किंवा राज्याची टीईटी, यातलं काही स्क्रीनिंग टेस्टला बसायला लागत नाही, पण टीजीटी-पीआरटीला रेग्युलर नेमणूक हवी तर लागतेच, ती नसेल तर बाकी सगळं ठीक असलं तरी अ‍ॅडहॉकवर म्हणजे तात्पुरतं घेतात. म्हणून सीटीईटी काढूनच टाका. 150 प्रश्न, जनरलला 90 मार्कांना पास, भाषांमध्ये मराठी निवडता येते आणि 2021 पासून सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. माझ्या मते फौजीच्या बायकोसाठी याहून उपयोगी कागद नाही कारण केंद्रीय विद्यालयात कॉन्ट्रॅक्टवर टीचर घेतात तिथेही तो विचारतात.

फॉर्म अवेसच्या वेबसाइटवर ऑनलाइनच भरायचा. फोटो, सही, जन्मतारखेचा पुरावा, ग्रॅज्युएशनपासूनच्या मार्कशीट आणि बी.एड.चं सर्टिफिकेट आधीच स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, अंदाजाने टिक करत सुटू नका. आणि एक लक्षात ठेवा, टेस्ट पास म्हणजे नोकरी नाही, जागा प्रत्येक शाळा आपापली काढते, मग इंटरव्ह्यू, मग शिकवून दाखवायचं आणि कॉम्प्युटर किती येतो ते बघतात. मराठी मीडियमच्या मुली इथे घाबरतात, पण आपल्या विषयाचा एक धडा इंग्लिशमध्ये रोज मोठ्याने घरातच शिकवून बघा, आणि एक्सेलमध्ये मार्कांचा तक्ता करायला शिका, ही दोन कामं क्लास न लावता होतात.

आता नावाचं, जिथे सगळ्यात जास्त जणी अडकतात. समजा दहावीच्या सर्टिफिकेटवर 'शिंदे पूजा रमेश' आहे, आधारवर 'पूजा अमोल जाधव' आणि नवऱ्याच्या युनिटच्या रेकॉर्डला नुसतं 'पूजा', तर तिन्ही एकच बाई आहे हे सिद्ध तुम्हालाच करायचंय. विवाह नोंदणी प्रमाणपत्र ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून काढून घ्या, एफिडेव्हिट करून ठेवा, आणि नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्रात नोंद करा, महाराष्ट्रात तो अर्ज ऑनलाइन होतो. युनिटमध्ये लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला लग्नाची अधिकृत नोंद, झाली आहे का आणि त्यात स्पेलिंग काय पडलंय हे नवऱ्याला आजच विचारायला सांगा, कारण दुरुस्तीचे कागद युनिटमधून रेकॉर्ड ऑफिसला जातात आणि त्याला वेळ लागतो. डिपेंडंट कार्डवर, म्हणजे फौजीच्या घरच्यांना मिळणाऱ्या ओळखपत्रावरही तेच स्पेलिंग हवं.

पोस्टिंग ऑर्डर आली की सामान बांधायच्या आधी शाळेत जा, किती दिवसांची नोटीस लागते ते बघून राजीनामा लेखी द्या, आणि रिलीव्हिंग लेटर, एक्स्पिरिअन्स सर्टिफिकेट आणि शेवटची पगाराची स्लिप हातात घेऊनच निघा, नंतर दुसऱ्या राज्यातून फोन करून हे मिळवायला फार त्रास होतो. सर्टिफिकेटवर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पदावर, कोणत्या वर्गांना शिकवलं हे सगळं लिहून घ्या. पीएफ कापला जात असेल तर यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर नवीन शाळेत तोच द्या, दुसरा काढू नका, म्हणजे आधीचे पैसे ट्रान्सफर होतात आणि नोकरीची वर्षं जोडली जातात.