लायसन्स-जुळणी

वेगवेगळ्या मुक्त लायसन्सखालचा कोड एकत्र करून पुढे वाटता येतो का हे बघणं, आणि येत नसेल तर वाट काढणं. प्रश्न येतो तो वाटपाच्या वेळी. म्हणजे बघा, मराठी-कोंकणी टायपिंगचा प्रोग्रॅम पणजीत आपल्याच ऑफिसात वापरला तर त्याचं लायसन्स जीपीएल (वाटलेल्या प्रोग्रॅमसोबत त्याचा सोर्सही द्यायला लावणारं मुक्त लायसन्स) काहीच मागत नाही, पण तोच पेन ड्राइव्हवर घालून फोंड्याच्या शाळेत दिला की वाटप झालं, आणि सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड, देण्याची जबाबदारी आली.

नेहमी अडतं ते जीपीएल २ (१९९१) आणि अपाची २.० (२००४, सैल अटींचं दुसरं मुक्त लायसन्स) यांच्यात. जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचीतल्या पेटंटच्या अटी जीपीएल २ मधे नसलेल्या जादा अटी ठरतात, जीपीएल ३ (२००७) ला मात्र चालतात. म्हणून आधी फाइलच्या डोक्यावरची ओळ वाचायची: "आवृत्ती २, किंवा तुमच्या मर्जीने नंतरची कुठलीही" असं असेल तर ३ घेऊन मोकळं व्हायचं. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) फक्त जीपीएल २ वर आहे, तिथे ही सोय नाही.

सगळ्यात जास्त वाद झेडएफएसचा, म्हणजे डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या एका फाइल सिस्टिमचा. सन या कंपनीने ते सीडीडीएल या आपल्या मुक्त लायसन्सखाली दिलं आणि ते जीपीएलशी जुळत नाही. हे मुद्दाम केलं का? सनमधे काम केलेल्या डॅनीज कूपर यांनी २००६ मधे तसं सांगितलं, सनच्याच सायमन फिप्स यांनी ते नाकारलं. सीडीडीएल मोझिला लायसन्स १.१ वरून बेतलेलं आणि मुळात तेच जीपीएलशी न जुळणारं, त्यामुळे हेतू काहीही असो, मजकूर तोच राहतो. २०१६ मधे उबुंटू १६.०४ या लिनक्स सिस्टिमसोबत झेडएफएसचं तयार मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, आलं. उबुंटू काढणारी कॅनॉनिकल म्हणे हे स्वतंत्र मॉड्यूल आहे, सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी ही मुक्त सॉफ्टवेअरवाली संस्था म्हणे हा जीपीएलचा भंग. डेबियन ही दुसरी लिनक्स सिस्टिम नुसता सोर्स देते आणि मॉड्यूल वापरणाऱ्याच्या मशीनवर बनतं, ही वाट जास्त सुरक्षित वाटते.

भारतातला एक मुद्दा सहसा कुणी बघत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करताना मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात, आणि कलम ३०अ हे लायसन्सलाही, गरजेप्रमाणे फेरफार करून, लावतं. अपाचीत "कायमचं, जगभर" आहे, जीपीएल ३ मधे कॉपीराइट असेपर्यंत, एमआयटी या छोट्या लायसन्समधे मुदतच नाही. पणजी-मडगावात क्लायंटशी करार करताना स्वतःच्या कोडची मुदत नि प्रदेश लिहून टाकावा हेच बरं.

लायसन्स जुळत नसतील तर वाटा चारच: अडणारी लायब्ररी (आयता वापरलेला कोड) काढून दुसरी घेणं, लेखकाकडून अपवाद घेणं, सगळ्या हक्कदारांची परवानगी काढून लायसन्स बदलणं, नाहीतर दोन प्रोग्रॅम खरोखरच वेगळे ठेवणं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरने २०११ मधे इंजिन एलजीपीएलवर (जीपीएलचं सैल रूप) नेलं ते एकेका योगदात्याला गाठून. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचा जाहिरातीच्या अटीचा (जाहिरातीत श्रेय द्या म्हणणारी अट) जुना त्रास ३.० पासून (२०२१) अपाची आल्याने गेला, तरी जीपीएल २-फक्त प्रोग्रॅमला तो वेगळ्या रूपात उरलाच.

फॉन्टचं सोपं आहे. लोहित देवनागरी २०११ पासून ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, प्रोग्रॅमसोबत वेगळी फाइल म्हणून देता येतो, नुसता फॉन्ट विकता येत नाही. तेव्हा फोंड्याच्या त्या पेन ड्राइव्हवर प्रोग्रॅम, त्याचा सोर्स, जीपीएलची प्रत, आणि फॉन्टच्या फोल्डरमधे फॉन्टचं लायसन्स, एवढं हवंच.