सातबाऱ्यावरचं टिंब

जुन्या वाटणीपत्रात एखाद्या वावरापुढे नुसतं '१.२०' लिहिलेलं असतं. कॉलेजात जाणारा नातू ते वाचून म्हणतो, एक पूर्णांक वीस शतांश एकर, म्हणजे सव्वा एकराला थोडं कमी. आबाजी ठामपणे सांगतात, "दीड एकर हाये थे." यात आबाजींचंच बरोबर असतं. तो कागद एकर-गुंठ्यांत लिहिलेला आहे. एका एकरात ४० गुंठे, म्हणून २० गुंठे म्हणजे अर्धा एकर. नातवाच्या हिशोबाने कागद पुढे सरकला तर ०.३ एकर, म्हणजे तब्बल १२ गुंठे जमीन कागदावरच गडप होते. धुऱ्याच्या वितभर जागेवरून जिथे पिढ्यानपिढ्या बोलणं बंद राहतं, तिथे बारा गुंठे ही काही लहान गोष्ट नव्हे.

टिंब दिसलं म्हणजे ती दशांशातली संख्याच असेल, असं नाही. खऱ्या दशांशात टिंबानंतरचं प्रत्येक घर आधीच्या घराच्या दहाव्या हिश्शाचं असतं. एकर-गुंठ्यांत मात्र टिंब ही फक्त एकर आणि गुंठे यांच्यामधली भिंत. त्यामुळे एक एकर आठ गुंठे कुणी '१.८' असं लिहिलं आणि एक एकर तीस गुंठे '१.३०' असं लिहिलं, तर शाळेच्या नियमाने पहिली जमीन मोठी वाटते. प्रत्यक्षात पहिली १.२ एकर आणि दुसरी १.७५ एकर भरते. क्रिकेटमध्येही हेच होतं: ४.३ षटकं म्हणजे साडेचार षटकं, कारण एका षटकात चेंडू सहा. हेक्टरचं तसं नाही. एका हेक्टरात १०० आर आणि एका आरात १०० चौरस मीटर असल्यामुळे सातबाऱ्यावरचे '१.२० हेक्टर' हे खरोखरच दशांशातले १.२ हेक्टर असतात. शेजारच्या छत्तीसगडात डिसमिल चालतो, तो एकराचा शंभरावा भाग. तिथेही टिंब खरं बोलतं.

मग गुंठ्यांचा दशांश कसा करायचा? गुंठ्यांना चाळीसने भागायचं. ७ गुंठे म्हणजे ७/४० एकर, म्हणजे ०.१७५ एकर. एवढंच. पण हा भागाकार करताना आपण बाकीपुढे शून्य का लावतो, हे शाळेत फार क्वचित सांगतात, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

समजा तीन क्विंटल तूर आठ घरांत सारखी वाटायची आहे, म्हणजे प्रत्येकाला ३/८ क्विंटल. अख्खा क्विंटल तर कुणालाच देता येत नाही, म्हणून उत्तरात टिंबाआधी शून्य. आता प्रत्येक क्विंटलचे दहा-दहा किलोचे ढीग करा. तीन क्विंटलचे ढीग झाले ३०. बाकीपुढे शून्य लावतो तो इथे: तीनचे तीस झाले, कारण प्रत्येकाचे दहा तुकडे केले. आठ घरांना तीन-तीन ढीग दिले, २४ संपले, उरले ६. हे सहा ढीग मोडून किलो-किलो केले, साठ किलो झाले. प्रत्येकाला सात किलो दिले, छप्पन्न गेले, उरले चार किलो. त्यांचे शंभर-शंभर ग्रॅमचे ४० भाग केले, प्रत्येकाला पाच मिळाले आणि ताडपत्रीवर दाणा उरला नाही. ढीग ३, किलो ७, शंभर ग्रॅम ५. म्हणून ३/८ म्हणजे ०.३७५ क्विंटल, साडेसदतीस किलो. अपूर्णांकाचा दशांश करणं म्हणजे इतकंच: जे उरलं त्याचे दहा तुकडे करा, वाटा, पुन्हा उरलं तर पुन्हा दहा तुकडे करा.

आता तीच तऱ्हा एक क्विंटल आणि सात घरांवर चालवून पाहा. दहा ढिगांपैकी प्रत्येकाला एक, उरले ३. तीस किलोंतून प्रत्येकाला ४, उरले २. पुढे वीसातून २, उरले ६. साठातून ८, उरले ४. चाळिसातून ५, उरले ५. पन्नासातून ७, उरला १. आणि हा उरलेला १ म्हणजे जिथून सुरुवात केली तोच १! त्याचे दहा तुकडे केले की पुन्हा पहिल्यासारखाच भागाकार सुरू. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७... ही ओळ कधीच संपत नाही.

ती अशी फिरणार हे आधीच ठरलेलं असतं. सातने भागल्यावर बाकी १ ते ६ यांपैकीच काहीतरी उरणार, किंवा शून्य. शून्य आली तर भागाकार संपला. नाही आली, तर सहा वेगवेगळ्या बाक्या वापरून झाल्यावर सातव्या वेळी जुनी बाकी परत येण्यावाचून इलाज नाही. आणि बाकी परत आली की तिच्यानंतरचे आकडेही त्याच क्रमाने परत येतात. २/७ केलं तरी तीच माळ, फक्त वेगळ्या मण्यापासून सुरू: ०.२८५७१४...

कोणता अपूर्णांक संपेल हे भागाकार न करताही सांगता येतं. दहा म्हणजे दोन गुणिले पाच. आपण दरवेळी दहा तुकडे करतो, म्हणून अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर छेदात फक्त २ आणि ५ हेच मूळ अवयव असतील तर वाटणी कधी ना कधी पूर्ण होते. चाळीसमध्ये तीन वेळा २ आणि एकदा ५ आहे, म्हणून कोणतेही गुंठे घ्या, एकरातला दशांश जास्तीत जास्त तीन घरांत संपतो. छेदात ३, ७, ११ असा एखादा जरी मूळ अवयव उरला, की आकडे फिरत राहतात.

जुन्या पिढीच्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी या पाढ्यांमध्ये छेद दोन किंवा चारच, रुपयाचे आणे सोळा. सगळी दोनाचीच कुटुंबं, म्हणून ती दशांशात पूर्ण बसतात: पाव ०.२५, पाऊण ०.७५, एक आणा ०.०६२५ रुपया. तरीही १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले तेव्हा अडचण आलीच. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, आणि पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे असा कोष्टकातला हिशोब ठरला. एकेक आणा चार वेळा बदलून घेणाऱ्याच्या हाती २४ पैसे पडत, एकदम चार आणे बदलणाऱ्याच्या हाती २५. पिकाचा अंदाज सांगणाऱ्या आणेवारीच्या जागीही पैसेवारी आली, आणि आज कास्तकाराचं लक्ष ती ५० पैशांच्या आत आली की वर, इकडेच असतं.

दशांशाची ही तऱ्हा जमीन मोजणाऱ्यांच्या उपयोगाची आहे हे युरोपात फार लवकर ओळखलं गेलं. सायमन स्टेविन या गणितज्ञाने १५८५ मध्ये दशांशावर एक छोटी पुस्तिका काढली आणि ज्यांना ती अर्पण केली त्यांत जमीन मोजणारे आणि व्यापारीही होते. त्यांच्या लिखाणात टिंब नव्हतं. कोणता आकडा कितव्या घरातला, हे ते गोलात लिहिलेल्या अंकाने दाखवत.

आता खरी वारसांची वाटणी घ्या. वडिलांच्या नावावर दोन हेक्टर, वारस सात, भाऊ-बहिणी मिळून. प्रत्येकाचा हिस्सा २/७ हेक्टर. हा अपूर्णांक अगदी पूर्ण आहे, त्यात कणभर कमी-जास्त नाही. पण क्षेत्र लिहायचं तर हेक्टर-आरमध्ये, आणि ०.२८५७१४... कुठेतरी तोडावंच लागतं. दोन घरांत वर धरून ०.२९ लिहिलं तर सातांची बेरीज होते २.०३ हेक्टर. जमिनीवर नसलेले तीन आर कागदावर उगवले! खाली धरून ०.२८ लिहिलं तर बेरीज १.९६, आणि चार आर कुणाच्याच नावावर नाहीत. चौरस मीटरपर्यंत गेलं, म्हणजे ०.२८.५७ (हेक्टर.आर.चौरस मीटर) लिहिलं, तर सातांची बेरीज १.९९.९९ येते आणि उरतो एकच चौरस मीटर. तो सात जणांपैकी कुणा एकाच्या क्षेत्रात मिळवून टाकला की बेरीज जुळते. भागाकार चुकलेला नसतो, बाकी उरणं हा सातचा स्वभावच आहे. त्यामुळे 'माझा एक मीटर कुणी खाल्ला' म्हणून भावाशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण तीन-चार आरचा फरक दिसला तर नक्की विचारावं, कारण तो घरं लवकर तोडल्यामुळे आलेला असतो आणि टाळता येतो.

म्हणून हिशोबात अपूर्णांक शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवावा आणि दशांश अगदी शेवटच्या पायरीला करावा. बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, केलेल्या वावरात ३७.५० क्विंटल कापूस झाला, भाव क्विंटलला ७००० रुपये धरला आणि एकाचा वाटा तिसरा हिस्सा ठरला आहे असं समजू. एकूण झाले २,६२,५००. त्याला सरळ तीनने भागलं तर ८७,५०० रुपये. आधी १/३ चा ०.३३ करून मोबाइलवर गुणाकार केला तर ८६,६२५. फरक ८७५ रुपयांचा, आणि तो दरवेळी तिसरा हिस्सा घेणाऱ्याच्याच खिशातून जातो, कारण ०.३३ हा १/३ पेक्षा नेहमी लहानच असतो. ०.३३३३ घेतलं तर फरक पावणेनऊ रुपयांवर येतो. तीनने भागलं तर तोही उरत नाही.