जवस लांब वाढावा म्हणून

फेब्रुवारी-मार्चमधल्या एका रविवारी फिनलंडमधल्या लहानमोठ्या टेकड्यांवर पोरांची झुंबड उडालेली असते. लाकडी घसरगाडी, प्लास्टिकची थाळी, पुठ्ठ्याचा तुकडा, जे हाताला लागेल त्यावर बसून सगळे बर्फावरून सुसाट खाली येतात. थंडीने गाल लाल झाले की घरी जाऊन वाटाण्याचं दाट सूप प्यायचं, त्यावर मलई आणि जॅम किंवा बदामाचं सारण भरलेला गोड पाव खायचा. या सणाचं नाव लास्कियाइनेन.

ईस्टरच्या सात आठवडे आधीचा रविवार आणि त्यामागून येणारा मंगळवार, असे त्याचे दोन दिवस. गोव्यात इंत्रुज रंगतो तोही याच दिवसांत, कारण दोन्हींचं मूळ एक आहे: चाळीस दिवसांचा ख्रिस्ती उपास लागण्याआधी पोटभर खाऊन घेणं. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. सोळाव्या शतकात तिथे लुथरपंथ आला, उपासाची सक्ती गेली, खाणंपिणं तेवढं टिकलं.

पण घसरगुंडी चर्चने दिलेली नाही, ती शेतकऱ्याच्या घरातून आली. आपण ज्याच्या बियांची चटणी करतो त्याच जवसाच्या खोडापासून तिकडे लिननचा धागा निघतो. घरादाराचे कपडे त्या धाग्यावर अवलंबून. घसरगाडी जितकी लांब जाईल तितका यंदाचा जवस उंच वाढेल, अशी समजूत होती, आणि उतरताना ‘लांब जवस!’ अशा अर्थाची आरोळी ठोकत. हा दिवस मुख्यतः बायकांचा. त्या दिवशी सूत कातायला बंदी. सौनातलं, म्हणजे कडक तापवलेल्या वाफेच्या खोलीतलं, न्हाणं लवकर उरकायचं आणि आत गप्प बसायचं, नाहीतर उन्हाळ्यात डास छळतील. सूपात डुकराचे पाय शिजायचे. जितकं तुपकट खाणं तितकी घरात बरकत. वर्षभराच्या अंगावरच्या कापडाची काळजी एका खेळात घालून ती टेकडीवरून सोडून द्यायची, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. आज जवस पेरणारी घरं थोडी उरली आहेत, तरी ती आरोळी लोकांना ठाऊक आहे.

स्कीचा, म्हणजे पायांना बांधून बर्फावरून घसरायच्या लांब फळ्यांचा, इतिहास याहून कितीतरी जुना. उत्तरेकडच्या दलदलींत हजारो वर्षांपूर्वीच्या लाकडी स्की सापडल्या आहेत. ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूने 1555 मध्ये छापलेल्या ग्रंथात स्कीवरून शिकार करणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. तेव्हा स्की हा खेळ नव्हता. शिकारीला, चर्चला, शेजारच्या गावाला जायचं ते त्यावरूनच. फिनलंडमध्ये दोन्ही पायांच्या स्की सारख्या नसत, ही गोष्ट इथे थांबून सांगण्यासारखी आहे. डाव्या पायात ‘ल्युल्यु’ नावाची लांबलचक, घसरणारी स्की. उजव्या पायात ‘काल्हु’, आखूड, खाली जनावराचं केसाळ कातडं लावलेली. केस मागे वळलेले असल्याने ती पुढे सहज सरके आणि मागे रेटताना बर्फ धरून ठेवी. उजव्या पायाने रेटा द्यायचा आणि डाव्यावर तरंगत जायचं.

शर्यती आल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1879 मध्ये ओउलू शहराजवळच्या त्युर्नावा गावी पहिली शर्यत झाली. 1889 पासून ओउलूत ‘तेर्वाहीहतो’ ही स्कीची शर्यत भरते. तेर्वा म्हणजे पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर. जहाजांसाठी लागणाऱ्या या डांबराच्या व्यापारावर ओउलू श्रीमंत झालं, आणि लाकडी स्कीच्या तळालाही तेच फासत. शर्यतींच्या नादात काल्हु मागे पडली, दोन्ही स्की सारख्या झाल्या.

पुढे या खेळाची राजधानी झाली लाह्ती. हिमयुगाने मागे ठेवलेल्या सालपाउस्सेल्का या लांब टेकाडावर हे शहर वसलं आहे. लाउरी पिहकालाच्या पुढाकाराने तिथे 1923 मध्ये स्पर्धा सुरू झाल्या. नॉर्डिक स्कीची (लांब पल्ल्याच्या शर्यती आणि स्कीवरून उडी) जागतिक स्पर्धा लाह्तीने सात वेळा भरवली, 1926 मध्ये पहिल्यांदा आणि 2017 मध्ये अलीकडे. मधल्या 1939-40 च्या हिवाळी युद्धात पांढरे अंगरखे घातलेले फिनिश सैनिक स्कीवरूनच सोव्हिएत फौजांच्या पिछाडीला गेले. म्हणून हा खेळ तिथे निव्वळ खेळ राहिलेला नाही. 2001 मध्ये लाह्तीतच यजमान संघाचे सहा खेळाडू उत्तेजक प्रकरणात सापडले तेव्हा सगळा देश हादरला, ते यामुळेच.

सौनाच्या परंपरेला 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. साधारण 55 लाख माणसांच्या देशात तीसेक लाख सौना आहेत. पूर्वी तिथे न्हाणं होई, बाळंतपणंही होत. तिथून तापून निघून गोठलेल्या तळ्याच्या भोकात उतरणं ही आजच्या पाहुण्यांची आवडती हौस.

आणि ती काल्हुची युक्ती? 1970 च्या दशकात पाउली सीतोनेन हा फिनिश स्कीपटू लांब पल्ल्याच्या शर्यतींत एक स्की आखलेल्या चाकोरीत ठेवून दुसऱ्या पायाने तिरका रेटा देत पुढे जाऊ लागला. त्या चालीला त्याचंच नाव पडलं. त्यातून दोन्ही पायांनी तिरके रेटे देणारी स्केटिंगची पद्धत फोफावली, आणि 1980 च्या दशकात शर्यतींचे पारंपरिक आणि मुक्त असे दोन प्रकार करावे लागले. आज फिनलंडमधल्या बहुतेक मोठ्या स्कीवाटांवर दोन समांतर चऱ्या दिसतात आणि त्यांच्या शेजारी एक रुंद, सपाट पट्टा. तो पट्टा या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.