चोथ्याचा दावा कुठून आला?

आहारात चोथा (फायबर) भरपूर असेल तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर टळतो, ही सांगड घातली ती डेनिस बर्किट या आयरिश सर्जननं. युगांडात त्यांनी वीस वर्षं काढली. मुलांच्या जबड्यातल्या ज्या कॅन्सरला त्यांचं नाव आहे, तो त्यांनी १९५८ साली तिथूनच जगापुढे मांडला. ब्रिटनला परतल्यावर १९६७ च्या सुमारास त्यांची भेट नौदलातले डॉक्टर पीटर क्लीव्ह यांच्याशी झाली. साखर आणि मैदा, म्हणजे चोथा काढून टाकलेले पदार्थ, हेच अनेक आजारांचं मूळ, असा क्लीव्ह यांचा ठाम दावा होता. ब्रिटनमध्ये सर्रास आढळणारा आतड्याचा कॅन्सर आफ्रिकेत आपल्याला क्वचितच दिसला, हे बर्किट यांच्या ध्यानात आलं.

मग सुरू झाली मळाची मोजदाद. क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला द्यायच्या, त्या किती तासांनी बाहेर पडतात ते पाहायचं आणि मळाचं वजन करायचं. वॉकर आणि पेंटर या सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखातले आकडे बोलके होते. ब्रिटिश नौसैनिकांचा मळ दिवसाला जेमतेम शंभर ग्रॅम, अन्नाचा प्रवास सुमारे साडेतीन दिवसांचा. युगांडातल्या खेडुतांचा मळ चौपटीहून जास्त, प्रवास दीड दिवसाचा. चोथ्यामुळे घातक द्रव्यं पातळ होतात आणि आतड्याला कमी वेळ चिकटून राहतात, हे त्यांचं स्पष्टीकरण. खेडूत मांस किती खातो, कष्ट किती करतो, म्हातारपणापर्यंत जगतो का, हे प्रश्न मात्र बाजूलाच पडले.

१९८४ मध्ये केलॉग कंपनीनं अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा हवाला देत कोंड्याच्या सीरियलची जाहिरात केली. विज्ञानाच्या आधी बाजार धावला, असंच म्हणावं लागेल.

धक्का १९९९ मध्ये बसला. सुमारे ८९ हजार अमेरिकन नर्सच्या सोळा वर्षांच्या पाहणीत चोथ्याचा फायदा दिसलाच नाही. पुढच्याच वर्षी दोन चाचण्यांत चोथा वाढवूनही आतड्यातल्या गाठी पुन्हा होतच राहिल्या. अर्थात या चाचण्या तीन-चार वर्षांच्या, आणि गाठीचा कॅन्सर व्हायला दशक सहज लागतं. २००३ मध्ये युरोपातल्या पाच लाखांवर लोकांच्या पाहणीनं पारडं पुन्हा चोथ्याच्या बाजूनं फिरवलं. २०११ मध्ये पंचवीस अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोजच्या दर दहा ग्रॅम चोथ्यामागे धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळला. त्यातही धान्याच्या चोथ्याचा संबंध स्पष्ट होता, फळं-भाज्यांच्या चोथ्याचा तितकासा नाही.

स्पष्टीकरणही आता बदललं आहे. आतड्यातले जिवाणू चोथा आंबवून ब्युटिरेट हे आतड्याच्या पेशींना पोसणारं द्रव्य तयार करतात, त्याकडे संशोधकांचं लक्ष आहे. २०१५ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन आणि ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली, तर तेवढ्यातच आतड्यातली कॅन्सरच्या धोक्याची लक्षणं दोन्हीकडे उलटी झाली. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडानं २०११ मध्ये या पुराव्याला ‘खात्रीशीर’ म्हटलं होतं. २०१८ मध्ये तो ‘संभाव्य’वर आणला.